एका तासाची कॅसेट आणि चार पिनांची केबल

मागील धाग्यात आपण अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख पाहिला. तो वाचण्यासाठी अभ्यासकांना जुनी लिपी शिकावी लागली, झिजलेली अक्षरे जुळवावी लागली. परंतु दगडासमोर जाऊन उभे राहिले की निदान अक्षरे आहेत एवढे तरी दिसत होते. आज त्याच अंबरनाथमधील पालेगावातल्या एका साधनाविषयी लिहिते आहे. त्याचे वय दोन तपांहून कमी आहे. आकाराने ते काडेपेटीहून थोडे मोठे, वजनाने नगण्य, आणि डोळ्यांना त्यात काहीही दिसत नाही. ते वाचण्यासाठी लागणारी केबल बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. धागा लांब आहे आणि या वेळी थोडा घरचाही आहे, सवडीने वाचावा.

हे साधन म्हणजे मिनी डीव्ही कॅसेट. २००० नंतरच्या आठ-दहा वर्षांत ज्यांच्या घरी लग्ने झाली, त्यांच्यापैकी अनेकांच्या कपाटात किंवा त्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या पोटमाळ्यावर अशा कॅसेट पडून असतील. माझे काका असेच एक व्हिडिओवाले. पालेगावात घर, उल्हासनगरात भाड्याचा गाळा, आणि लग्नसराईत अंबरनाथ-बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या सुपाऱ्या. २००१ साली दुबईहून येणाऱ्या एका परिचिताकरवी त्यांनी पहिला डिजिटल कॅमेरा मागवला. २६ जुलै २००५ च्या पावसात वालधुनीचे पाणी त्या गाळ्यात शिरले आणि तेथील बहुतेक कॅसेट गेल्या. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. त्या पाण्यात किती घरांची लग्ने वाहून गेली याचा आकडा कोणी ठेवला नाही. काकांच्या घरी, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या चौदा कॅसेट मात्र वाचल्या.

त्यातील एकीवर काकांच्या अक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘हळद-लग्न, घरचे, एलपी’. हे माझ्या चुलत आत्याचे लग्न, आणि त्यात माझी आजी धवले गाते आहे.

आगरी लग्नांशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्याकडे लग्नविधीत धवलारणीला मोठा मान असतो. ही गाणारी स्त्री विधीच्या प्रत्येक टप्प्याला त्या-त्या प्रसंगाचे धवले गाते. देवांना बोलावणे, हळद, मांडव, पाठवणी, सारे तिच्या गाण्याने पुढे सरकते. कित्येक घरांत भटजींइतकाच तिचा शब्द प्रमाण मानला जाई. हे ज्ञान लिहून ठेवलेले नसते. एक धवलारीण दुसरीच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे ऐकते, साथ करते आणि मग एके दिवशी स्वतः पुढे बसते. शब्द जुना आहे. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबा हिचे ‘धवळे’ आपण मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून शिकतो. तीही विवाहगीतेच, रुक्मिणी-स्वयंवराची. महदंबेचे धवळे पोथ्यांत टिकले. आजीचे धवले फक्त तिच्या गळ्यात होते, आणि २०११ साली ती गेली. तिच्या शेजारी बसून शिकणारे कोणी उरले नव्हते.

‘मग त्या लग्नाची सीडी तर असेल ना?’ असा प्रश्न तुम्हाला पडेल. आहे. दोन व्हीसीडी आहेत, सोनेरी अक्षरांच्या पाकिटात. त्या लावल्या की आजी दिसते, तिचे ओठ हलताना दिसतात, आणि ऐकू येते ते त्या काळचे हिंदी चित्रपटगीत. त्या व्यवसायात याला ‘मिक्सिंग’ म्हणत. गिऱ्हाइकाला मूळ गोंगाट नको असे. भांड्यांचे आवाज, पोरांची रडारड, माइकची खरखर काढून त्यावर गाणी चढवणे हेच कौशल्य मानले जाई. काकांचा यात दोष काढण्याचे कारण नाही. गाणी चढवली नसती तर लोकांनी पैसे दिले नसते. परंतु त्यामुळे आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता: त्या मूळ कॅसेटवर.

आता ज्यांना तंत्राचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे सात-आठ परिच्छेद ओलांडले तरी चालेल. मात्र मला स्वतःला या प्रकरणातील सर्वांत रंजक भाग तोच वाटतो.

कॅसेट म्हटले की आपल्याला व्हीएचएस आठवते. व्हीएचएसवर चित्र अखंड चढउतारांच्या लहरींच्या रूपाने असते आणि प्रत्येक नकलेत ते फिकट होत जाते. आपल्या मालेगावचे उदाहरण घ्या. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला तो व्हिडिओ पार्लरच्या अनुभवावर, व्हीसीआरला व्हीसीआर जोडून संकलन करण्याच्या मार्गाने. (फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट पाहिला नसेल तर हा धागा बाजूला ठेवून आधी तो पाहावा.) तेथे नकलेची नक्कल करताना रंग पसरतात, कडा विरघळतात. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या चुका जशा पुढच्या पोथीत उतरतात आणि वाढत जातात, तसेच.

मिनी डीव्हीवर मात्र लहरी नसून आकडे असतात. १९९५ साली जपानी आणि इतर कंपन्यांनी मिळून ठरवलेली ही पद्धत. फितीची रुंदी ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. कॅमेऱ्यातील लहानसे दंडगोल डोके मिनिटाला ९,००० फेऱ्या घेत त्या फितीवर तिरक्या रेघा ओढते. प्रत्येक रेघ १० मायक्रॉन रुंद, आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, आणि प्रत्येक चित्र बरोबर १,४४,००० बाइटचे. गुणाकार करून पाहा: सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला सुमारे १३ जीबी. शिवाय प्रत्येक चित्रासोबत ते कोणत्या तारखेला, किती वाजता घेतले याचीही नोंद असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. ही नोंद पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

म्हणजे प्रश्न चित्र ‘रेकॉर्ड’ करण्याचा नव्हताच. फितीवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात आणायचे होते. तसे केले तर काडीचाही फरक न पडता मूळ प्रत मिळते. आणि याच एका कामासाठी एक केबल जन्माला आली.

तिची कथा १९८६ च्या सुमारास ॲपल कंपनीत सुरू होते. संगणकाला जोडण्याची उपकरणे वेगाने बोलू शकतील अशी एक सामाईक तार त्यांना हवी होती. ॲपलने तिला फायरवायर म्हटले. १९९५ मध्ये अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयट्रिपलईने, तिला मानक म्हणून मान्यता दिली आणि क्रमांक दिला १३९४. (आमच्या गटातील एका उत्साही मित्राने हा आकडा पाहून लगेच ‘शके १३९४ म्हणजे १४७२’ असा हिशेब केला. हा शक नव्हे. मानकांच्या यादीतील अनुक्रमांक आहे.) सोनीने त्याच वर्षी डीव्ही कॅमेऱ्यावर ही जोडणी दिली आणि पुढे तिला आय-लिंक हे स्वतःचे नाव लावले. इतर काही कंपन्यांनी पोर्टवर नुसते ‘डीव्ही’ लिहिले. एकच तार, पण फायरवायर, आय-लिंक, १३९४ आणि डीव्ही अशी चार नावे. एकाच राजाची चार ताम्रपटांत चार नावे यावीत आणि आपण चार राजे समजून बसावे, तसा गोंधळ त्या काळी दुकानांत रोज होई.

नावांपेक्षा मोठा घोळ टोकांचा. ॲपलच्या मूळ रचनेत सहा पिना होत्या: चार माहितीसाठी, दोन वीज पुरवण्यासाठी. कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी असते, त्याला बाहेरची वीज कशाला? आणि कॅमेऱ्यावर जागाही कमी. म्हणून सोनीने विजेच्या दोन पिना काढून चार पिनांचे इवलेसे टोक केले, आणि २००० साली सुधारित मानकात त्यालाही मान्यता मिळाली. परिणाम असा की कॅमेऱ्याला चार, डेस्कटॉपच्या कार्डाला सहा, बऱ्याच लॅपटॉपना पुन्हा चार, आणि पुढे दुप्पट वेगाचे फायरवायर आले त्याला नऊ. प्रत्येक जोडीला निराळी केबल. दुरुस्ती करणारे अजून एक इशारा देतात, तो येथे नोंदवते: सहा पिनांचे टोक ढिल्या झालेल्या पोर्टात उलटे रेटले, तर विजेची तार माहितीच्या तारेवर येते आणि कॅमेऱ्यातील चिप जळते. टोक कोणते, कोणत्या बाजूने, हे पाहिल्याशिवाय बळ लावू नये.

‘पण कॅमेऱ्याला यूएसबीसुद्धा आहे की!’ हे मी किमान दहा जणांकडून ऐकले. आहे, काकांच्या कॅमेऱ्यालाही आहे. ते कशासाठी, हे समजण्यासाठी नळाच्या पाण्याचा हिशेब करावा, जो आपल्या अंबरनाथ-बदलापूरकरांना वेगळा शिकवावा लागत नाही. फितीवरून सेकंदाला सुमारे २९ मेगाबिट येतात. त्या काळच्या यूएसबीचा नळ १२ मेगाबिटचा. हंडा भरणार कसा? म्हणून त्या पोर्टातून फक्त मेमरी कार्डावरील स्थिर छायाचित्रे आणि वेबकॅमसारखे लहान, दाणेदार चित्र जाई. फायरवायरचा नळ मात्र ४०० मेगाबिटचा. शिवाय नुसता वेग नाही, शिस्तही. तेथे प्रत्येक सेकंदाचे ८,००० भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात चित्रासाठी जागा राखून ठेवलेली असते; लोकलमध्ये गर्दी कितीही असो, महिलांचा डबा राखीव असतो तशी. फीत थांबून वाट पाहत नाही, ती फिरतच राहते. म्हणून ही राखीव जागा अत्यावश्यक होती. आणि याच तारेवरून संगणक कॅमेऱ्याला आज्ञाही देऊ शके: फीत मागे घे, थांब, चालू कर.

इतकी चांगली तार मग मेली कशी? उत्तर बरेचसे पैशात आहे. १९९९ च्या सुमारास ॲपलने प्रत्येक पोर्टामागे एक डॉलर स्वामित्वशुल्क मागितले. उद्योगात ओरड झाली. पेटंटधारकांनी एकत्र येऊन ते प्रत्येक उपकरणामागे २५ सेंटांवर आणले, पण तोवर मने फिरली होती. इंटेलने यूएसबीवर भर दिला आणि २००० साली ४८० मेगाबिटचे यूएसबी २.० आले. कागदावर ते फायरवायरहून वेगवान, आणि प्रत्येक संगणकात आपसूक. गंमत म्हणजे ॲपलच्याच पहिल्या आयपॉडला, २००१ साली, फायरवायर होते. काही वर्षांत त्यानेही यूएसबी धरले. जकातीनेही हातभार लावला. युरोपात बाहेरून चित्र आत घेऊ शकणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ रेकॉर्डर म्हणून जास्त आयातशुल्क पडे, म्हणून तेथे विकल्या जाणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत कंपन्या ती सोय मुद्दाम बंद ठेवत. एकच यंत्र दुबईत पूर्ण आणि युरोपात अर्धे! मग मेमरी कार्डावर चित्रण करणारे कॅमेरे आले, पाठोपाठ मोबाइल आले, आणि फितीबरोबर तारही गेली.

येथवर आपण का ते पाहिले. आता माझ्या टेबलावर काय झाले ते.

सोपा मार्ग मला अनेकांनी सुचवला: पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर लावावी, बाजारात स्वस्त मिळणारी यूएसबीची कॅप्चर डबी घ्यावी, अर्ध्या तासात काम संपते. संपते खरे. पण मग आकड्यांच्या पुन्हा लहरी होतात, लहरींचे पुन्हा निराळे आकडे होतात, आणि तारखेची ती नोंद हरवते. ताम्रपटाची मूळ प्रत हाती असताना त्याचे ओझरते रेखाटन करून समाधान मानण्यासारखे ते होते. ज्यांच्या कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट जळालाच आहे त्यांनी हाच मार्ग घ्यावा, काहीच न करण्यापेक्षा तो लाखपट बरा. माझा पोर्ट शाबूत होता.

मग माझ्या भावाने ऑनलाइन एक केबल मागवली: एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला चार पिना. दिसायला सुबक. अशा केबली आजही सर्रास विकल्या जातात, म्हणून स्पष्ट लिहिते: त्यांनी डीव्ही चित्र संगणकात येत नाही. येणे शक्यच नाही. तार फक्त तार आहे. फायरवायरची भाषा यूएसबीत उतरवणारा दुभाषा तिच्यात नाही. मोडी लिपीतले पत्र देवनागरी पाकिटात घातल्याने ते देवनागरी होत नाही.

माझ्या लॅपटॉपला यूएसबी-सीच्या आकाराचे पोर्ट आहे. त्याच आकाराच्या पोर्टात कधी थंडरबोल्ट असते, कधी नसते. बाहेरून कळत नाही, जवळ छापलेल्या विजेच्या चिन्हावरून अंदाज घ्यावा लागतो. थंडरबोल्ट असल्यास एक साखळी जमते: नव्या थंडरबोल्टवरून जुन्या थंडरबोल्टवर, तेथून नऊ पिनांच्या फायरवायरवर, तेथून चार पिनांच्या केबलवर. यातील फायरवायरचा ॲडॅप्टर ॲपलने बनवणे थांबवले आहे, आणि २०२५ साली आलेल्या मॅकच्या प्रणालीतून फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट नव्हतेच. तो प्रश्न तेथेच मिटला.

शेवटी एका नातलगाच्या औषधांच्या दुकानातील, बिले करून करून निवृत्त झालेला डेस्कटॉप मिळाला. त्याच्या पोटात पीसीआय कार्डाची जुनी खाच होती. कार्डासाठी लॅमिंग्टन रोड गाठला, पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानातील गृहस्थांनी काही न बोलता काउंटरखालचा खण पूर्ण बाहेर काढला, त्यातल्या वायरींच्या जंजाळातून एक हिरवे कार्ड आणि सहा-ते-चार पिनांची केबल उपसली, आणि विचारले, “घरचं लग्न का?” अशी गिऱ्हाइके त्यांच्याकडे महिन्याला एखाददुसरे येते म्हणे, आणि सगळी याच कामासाठी.

संगणकावर मी लिनक्स चढवले. कारण साधे आहे: विकणाऱ्यांनी सोडून दिलेल्या गोष्टी तेथे कोणी ना कोणी सांभाळत असते. लिनक्सच्या गाभ्यातील फायरवायरचा भाग सध्या ताकाशी साकामोतो हे जपानी गृहस्थ सांभाळतात आणि २०२९ पर्यंत तो सांभाळण्याचा त्यांचा मानस आहे. फीत उतरवण्यासाठी ‘डीव्हीग्रॅब’ नावाची लहानशी आज्ञावली पुरते.

काकांकडून कॅमेरा आणायला गेले तेव्हा ते म्हणाले, “अगं, दुसऱ्याचा कॅमेरा मागून आणू नकोस हो. या कॅसेटी याच्यातच चालतील.” मला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला नाही, कारण कॅसेटवरची ‘एलपी’ ही दोन अक्षरे मी वाचली होती. एलपी म्हणजे फीत सावकाश चालवून साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटे बसवणे. कॅसेट महाग होत्या, लग्ने लांब होती. पण त्यासाठी रेघा दहाऐवजी पावणेसात मायक्रॉनच्या होतात, आणि इतक्या बारीक रेघा ज्या डोक्याने ओढल्या त्याच डोक्याला नीट सापडतात; दुसऱ्या कॅमेऱ्याचे डोके केसभरही नव्हे, केसाच्या अंशभर सरकलेले असले तरी चित्राच्या ठिकऱ्या होतात. म्हणजे ही फीत वाचू शकणारे यंत्र जगात एकच असण्याची शक्यता मोठी होती, आणि ते दहा वर्षे बंद पेटीत पडून होते.

ऑगस्टचा महिना होता. कॅमेरा सुरू केला, पडद्यावर थेंबाचे चिन्ह आले आणि त्याने कॅसेट घेण्यास नकार दिला. आत दमटपणा आहे असे त्याला वाटले की तो फीत चालवत नाही. ओल्या दंडगोलाला फीत चिकटून तुटू नये म्हणून केलेली ही सोय. पावसाळ्यात पालेगावात कोरडी हवा आणायची कोठून? काकांनी स्टीलचा मोठा डबा काढला, तळाशी बुटांच्या खोक्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या पसरल्या, त्यावर कॅमेरा आणि कॅसेट ठेवून झाकण लावले. चार दिवसांनी थेंब गेला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी केबल जोडली. मी संगणकावर फीत मागे नेण्याची आज्ञा टाइप केली आणि टेबलावरचा कॅमेरा आपोआप गुरगुरू लागला. काका एकदम मागे सरले. कित्येक वर्षे त्यांनी हा कॅमेरा चालवला, पण त्याच्याकडे संगणक होता तेव्हा त्यात २० जीबीची डिस्क होती. एक एलपी कॅसेट उतरवायला १९ जीबी लागतात. विंडोजच्या जुन्या फाइलपद्धतीत चार जीबीपलीकडे फाइल जातच नसे, म्हणजे वीस मिनिटांच्या आत चित्रण तुटे. म्हणून त्यांनी तो पोर्ट कधी वापरलाच नव्हता. कॅमेऱ्यातून थेट व्हीसीआरमध्ये, तेथून मिक्सिंगला. चार पिनांचे ते दार त्यांच्या हयातीत पहिल्यांदा उघडत होते.

नव्वद मिनिटांची फीत नव्वद मिनिटांतच उतरते, घाई करता येत नाही. सुरुवातीला मांडव, मग पोरे, मग बराच वेळ कोणाची तरी पाठ. तेविसाव्या मिनिटाला आजी. जात्यापाशी, शेजारी दोघी साथीला. आवाज मी लहानपणी ऐकला होता त्याहून खालच्या पट्टीतला आणि कितीतरी ठाम. काका म्हणाले, “आवाज चांगला धरलाय,” आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता तारखेची नोंद. प्रत्येक चित्रावर तारीख आहे, हे खरे. पण ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची तारीख आहे. या फितीवर हळदीची संध्याकाळ ‘२००१, फेब्रुवारी, पहाटे ३ वाजून १० मिनिटे’ अशी नोंदलेली आहे. बाहेर उजेड आहे, मांडवात आंब्याचे डहाळे आहेत आणि पोरे आंबे खात आहेत. म्हणजे घड्याळाची लहान बॅटरी संपून ते मूळ आकड्यावर गेले आणि कोणी लावले नाही. आत्याकडे लग्नपत्रिका अजून आहे. तिच्यावर मे २००२. पत्रिकेतील मुहूर्ताची वेळ आणि फितीवरील मंगलाष्टकांच्या क्षणाची वेळ यांतील फरक काढला, तर कॅमेऱ्याचे घड्याळ किती मागे होते ते मिळते. (मुहूर्त पत्रिकेप्रमाणे पाळला गेला असे गृहीत धरावे लागते, आणि लग्नघरे पाहिलेल्यांना या गृहीतकाची किंमत ठाऊक आहे. अर्धा-एक तास इकडेतिकडे सोडावा.) शकात ७८ मिळवावे तसा तो फरक मिळवून त्याच हंगामातील आणखी दोन बिननावाच्या कॅसेटचा दिवस लागला, त्यातील एक गावातल्याच दुसऱ्या घरच्या हळदीची निघाली आणि त्या घराला आम्ही प्रत दिली.

हे सगळे येथे ऐकवावे, अशी मागणी तुम्ही करणार हे मला माहीत आहे. आत्याशी बोलले. तिचे म्हणणे स्पष्ट आहे: आजीचा आवाज लोकांनी ऐकावा, पण मांडवातील बायकांची तोंडे जगाला दाखवू नयेत, त्यांना कोणी विचारले नव्हते. मला ते पूर्ण पटते. अभ्यासाच्या नावाखाली दुसऱ्याचे घर उघडे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. म्हणून सध्या फक्त आवाज वेगळा काढते आहे. आत्या रोज दुपारी अर्धा तास बसते, ऐकते, आणि शब्द सांगते. मी लिहून घेते. काही शब्द तिलाही लागत नाहीत, ते ऐकू आले तसेच लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

चौदापैकी सहा कॅसेट उतरल्या आहेत. एकीला बुरशी होती, तिला हात लावलेला नाही. ती लावली तर डोके खराब होईल आणि उरलेल्या सातही जातील. तिची पाळी सर्वांत शेवटी.

आजीच्या फितीत दोन ठिकाणी चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो: एकेचाळिसाव्या मिनिटाला सुमारे सहा सेकंद, आणि पाठवणीच्या धवल्यात थोडे अधिक. तीनदा पुसून, तीनदा उतरवून पाहिले. तेथे काही उरलेले नाही. अंबरनाथ, बदलापूर, कल्याणच्या गावांतून हेच धवले गाणाऱ्या इतर धवलारणी होत्या, आणि त्यांच्याही हळदींची शूटिंग कोणीतरी केलेली असणार. तुमच्या घरी २००० ते २०१० च्या दरम्यानची मूळ कॅसेट असेल, गाणी चढवलेली सीडी नव्हे, तर आधी तिच्यावर एलपी लिहिले आहे का ते पाहा, ज्या कॅमेऱ्यावर घेतली तो शोधा, आणि येथे उत्तरात कळवा. कार्ड आणि सहा-ते-चारची केबल माझ्याकडे आहे. डेस्कटॉप जड आहे, पण रिक्षात मावतो.